सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून सगळं बिऱ्हाड डी वर न्यायचं का?

तुझा प्रश्न मी वाचला तो असा, की सेकंडहँड पीसी घेतलाय, त्यात १२० जीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, ती सी, त्याच्यावर विंडोज, आणि जोडीला १ टीबीची जुनी हार्डडिस्क म्हणजे डी. सी ची पट्टी लाल झालीय, ८ जीबी उरलेत. एक मित्र म्हणतो सॉफ्टवेअर कायम सी मध्येच टाकायचं, डी वर चालत नाही. दुसरा म्हणतो सगळं डी वर टाक, मग फॉर्मॅट मारला तरी सॉफ्टवेअर शाबूत राहतं. आणि तू या दोघांच्या भांडणात प्रोग्राम फाइल्समधला एक फोल्डर कट करून डी वर पेस्ट केलास तर आता ते सॉफ्टवेअर उघडेचना.

भिया, दोघंही चुकलेत, आणि तू पण. मी इंदूरात बावीस वर्षं हेच काम करून राहिलोय, आठवड्याला एकतरी मशीन अशी येते की कोणीतरी हौसेनं फोल्डर उचलून हलवलाय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी हे समज की प्रोग्राम म्हणजे कपाट नव्हे, बिऱ्हाड आहे. कपाट उचललं, दुसऱ्या खोलीत ठेवलं, झालं. बिऱ्हाडाचं तसं नसतं, सामान नेलं तरी रेशनकार्ड, गॅसची नळी, दूधवाला, पोस्टमन सगळे जुन्याच पत्त्यावर येत राहतात. विंडोजमध्ये हा पत्त्यांचा दप्तरखाना म्हणजे रजिस्ट्री. इन्स्टॉल करताना सेटअप तिथं लिहून ठेवतो की मी अमुक जागी आहे, अमुक प्रकारच्या फाइल्स मी उघडतो, मला काढायचं असेल तर अमुक फाइल चालवा. तू फोल्डर हलवलास पण दप्तरात पत्ता जुनाच राहिला, शॉर्टकटमध्ये पण जुनाच. मग उघडेल कसं?

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळी मात्र खरंच कपाटासारखं होतं. फोल्डर फ्लॉपीवर घ्यायचा, दुसऱ्या मशीनवर टाकायचा, चालू. सी हे नाव पण त्याच काळातलं, ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी ठेवलेली, म्हणून हार्डडिस्कच्या वाट्याला तिसरं अक्षर आलं. १९८३ साली आयबीएमचा एक्सटी आला त्यात १० एमबीची हार्डडिस्क होती, दहा एमबी, आज तुझ्या फोनमधले जेमतेम दोन-चार फोटो मावतील. फ्लॉपी गेली, अक्षर राहिलं. सी या अक्षरात तशी काही जादू नाही, विंडोजला फक्त ती जिथं बसलीय तो ड्राइव्ह महत्त्वाचा.

मग डी वर सॉफ्टवेअर चालतं का? चालतं, अगदी व्यवस्थित चालतं, फक्त पत्ता सुरुवातीलाच डी चा द्यायचा. सेटअप चालवलास की घाईनं नेक्स्ट नेक्स्ट करू नको, कस्टम किंवा अ‍ॅडव्हान्स्ड असं काही दिसेल ते निवड, तिथं ब्राउझचं बटण असतं आणि आधीच भरलेला पत्ता दिसतो, त्यातलं फक्त पहिलं अक्षर बदल. म्हणजे सी, प्रोग्राम फाइल्स, सॉफ्टवेअरचं नाव असं असेल तर सी पुसून डी लिही, बाकी तसंच राहू दे. फोल्डर नसला तर सेटअप स्वतः करून घेतो.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही, ती म्हणजे नुसतं डी निवडून पुढे जाणं, खाली फोल्डरच नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. राजेंद्रनगरचे एक फोटोग्राफर होते, त्यांनी अल्बम बनवायचं एक सॉफ्टवेअर असंच थेट डी च्या मुळात टाकलेलं. डी मध्येच त्यांचे लग्नांचे फोल्डर, दोन सीझनचे. वर्षभरानं ते सॉफ्टवेअर नकोसं झालं, अनइन्स्टॉल केलं, त्यानं विचारलं की इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमधलं सगळं काढू का, यांनी हो म्हटलं. त्याच्या हिशोबानं त्याचा फोल्डर म्हणजे अख्खा डी! रात्री साडेदहाला माझ्याकडे मशीन घेऊन आले, चेहरा पांढरा. फिरती हार्डडिस्क होती म्हणून बरंचसं परत काढता आलं, सगळं नाही. एसएसडी असती तर विंडोज पुसलेल्या जागेची खबर डिस्कला लगेच देते आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते, मग माझ्यासारख्याच्या हातात काही उरत नाही. तर प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःचा वेगळा फोल्डर, हे पक्कं.

आता खरी मेख. तू डी निवडलंस तरी सगळं डी वर जात नाही. मोठा भाग जातो, पण थोडं सी वर पडतंच. सामाईक फायली कॉमन फाइल्समध्ये जातात, व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणाऱ्या आधाराच्या फायली, विंडोजच्या पोटात जातात, फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये जातात, तुझ्या सेटिंग्ज आणि कॅश, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून प्रोग्राम साठवून ठेवतो तो माल, युजर्समधल्या अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. आणि विंडोजमध्ये इन्स्टॉलर नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो, त्यात बऱ्याच सेटअपच्या प्रती राहतात, कारण पुढे दुरुस्ती किंवा अनइन्स्टॉल करताना त्या लागतात. नेटवर बघून तो फोल्डर रिकामा करणारे महाभाग भेटलेत मला, मग अपडेट पण होत नाही आणि निघत पण नाही, घशात अडकलेल्या काट्यासारखं.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मोठा सेटअप आधी स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये मोकळा करतो, तिथून मग तू सांगशील तिथं टाकतो. टेम्प सी वर. त्यामुळे डी वर ७०० जीबी रिकामे असूनही जागा नाही म्हणून रडतो, आणि माणूस म्हणतो मी तर डी निवडलं होतं. तुझे ८ जीबी उरलेत त्यात हे होणारच. अशा वेळी सर्चमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स लिही, युजरच्या खाली टेम्प आणि टीएमपी अशी दोन नावं दिसतील, दोन्हींना डी वरच्या एका रिकाम्या फोल्डरचा पत्ता दे, साइन आउट करून परत ये, काम झालं की पुन्हा पहिल्यासारखं कर. कायमचं ठेवू नको, हार्डडिस्कवर टेम्प ठेवला की सगळीच मशीन जरा सुस्तावते.

काही सॉफ्टवेअर तर विचारतच नाहीत. क्रोम विचारत नाही. नवीन ऑफिस, म्हणजे जे नेटवरून आपोआप उतरतं आणि बसतं ते, विंडोज जिथं तिथंच बसतं, जागा बदलायची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवलेलीच नाही. मग पोरं यूट्यूब बघून रजिस्ट्रीत प्रोग्राम फाइल्सचा मूळ पत्ताच बदलून डी करतात. हे करू नको. मायक्रोसॉफ्टनं स्वच्छ सांगितलंय की या बदलाला त्यांचा सपोर्ट नाही, आणि अपडेटच्या वेळी अर्धं इकडे अर्धं तिकडे होऊन बसतं.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या अ‍ॅप्सचं सोपं आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, तिथं नवीन गोष्टी कुठे साठवायच्या असं विचारलेलं असतं, अ‍ॅप्ससमोर डी निवड. आधी टाकलेली अ‍ॅप्स पण इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सच्या यादीत तीन टिंबांवर मूव्ह असं दिसलं तर हलवता येतात, सगळी नाही, पण बरीच. डी वर मग विंडोजअ‍ॅप्स नावाचा फोल्डर येतो, तो उघडत नाही म्हणून घाबरू नको, त्याला कुलूपच असतं. स्टीम, म्हणजे गेम्स घ्यायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, त्याचं तर त्याहून छान, स्टोरेजमध्ये डी वर लायब्ररी जोडायची आणि गेम तिकडे हलवायचा, पत्ते तोच सांभाळतो.

मग डी वर काय टाकावं आणि काय नाही? माझं मत स्पष्ट आहे. तुझी डी फिरती हार्डडिस्क आहे. साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, तुझी हार्डडिस्क फार तर १०० ते १५०, आणि तेही सलग मोठी फाइल असेल तर. प्रोग्राम सुरू होताना शेकडो बारीक फाइल्स इकडून तिकडून उचलायच्या असतात, तिथं हार्डडिस्कची सुई जागा शोधत फिरते आणि तू माऊस हलवत बसतोस. म्हणून रोज वीस वेळा उघडायच्या गोष्टी, ब्राउझर, ऑफिस, अँटीव्हायरस, ड्रायव्हर, प्रिंटरची सॉफ्टवेअर, हे सी वरच. ड्रायव्हर आणि अँटीव्हायरसला तर हलवायचा विचारही नको, ते विंडोजबरोबर उठतात. डी वर जाऊ दे ते जे अंगानं मोठं आणि कामाला कधीमधी, जुने गेम्स, कॉलेजसाठी लागणारं पण महिन्यातून दोनदा उघडायचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, डिक्शनऱ्या, मोठे सॅम्पल आणि क्लिपआर्टचे खजिने. नवीन गेम्स मात्र बरेचसे सरळ एसएसडी मागतात, ते हार्डडिस्कवर टाकलेस तर लोडिंगमध्ये पोहे खाऊन होतील.

डी हार्डडिस्क एनटीएफएसमध्ये, म्हणजे फाइल्स मांडायच्या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीत, फॉर्मॅट आहे ना तेवढं बघ, ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लगेच दिसतं. कधीकधी टीव्हीला लावायची म्हणून कोणीतरी एफएटी३२ केलेली असते, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि कोणाला काय परवानगी हा प्रकारच नसतो.

परवानगीवरून आठवलं, हे फार कमी लोक सांगतात. सी वरच्या प्रोग्राम फाइल्समध्ये साधा प्रोग्राम अ‍ॅडमिनला विचारल्याशिवाय काही बदलू शकत नाही, विंडोज तिथं पहारा देते. डी वर तू नवा फोल्डर केलास की त्याला डी चे ढिले नियम लागतात, म्हणजे लॉगिन केलेला कोणीही त्यातल्या फाइल्स बदलू शकतो. घरात एकच माणूस असेल तर चालून जातं, पण दुकानात चार पोरं एकाच मशीनवर बसतात तिथं एखादा व्हायरस डी वरची प्रोग्रामची फाइलच बदलून टाकतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. मी अशा ठिकाणी डी वरच्या प्रोग्राम फाइल्सच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन इनहेरिटन्स, म्हणजे वरच्या ड्राइव्हकडून आपोआप येणारे नियम, बंद करतो, आहेत ते नियम ठेव असं सांगतो, आणि ऑथेंटिकेटेड युजर्स, म्हणजे तोच लॉगिन केलेला कोणीही, त्याची नोंद काढून टाकतो. साध्या युजर्सना वाचायची आणि चालवायची परवानगी राहते, तेवढी पुरते. गेम्सच्या फोल्डरला हे करू नको, त्यांना स्वतःला अपडेट करायला लिहावं लागतं.

आता तुझ्या दुसऱ्या मित्राचं, फॉर्मॅट मारला तरी सॉफ्टवेअर राहतं. फोल्डर राहतो रे, सॉफ्टवेअर नाही. सी पुसला की रजिस्ट्री गेली, दप्तरखानाच जळाला. डी वर घर उभं आहे पण सातबाऱ्यावर नाव नाही अशी गत. नव्या विंडोजला ते सॉफ्टवेअर माहीतच नसतं, यादीत येत नाही, लायसन्स मागतं, नाहीतर अमुक डीएलएल, म्हणजे त्याला लागणारी जोडफाइल, सापडत नाही म्हणून बंद पडतं. परत इन्स्टॉल करावंच लागतं. अपवाद दोन, एक पोर्टेबल प्रकारची सॉफ्टवेअर, जी सगळं स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात, आणि दुसरे स्टीमचे गेम्स, स्टीम नव्यानं टाकून जुनी लायब्ररी दाखवली की ओळखतो, पुन्हा ५० जीबी उतरवायला लागत नाहीत.

डेटाचं मात्र उलटं आहे, तो डी वर असायलाच हवा. सियागंज बाजारातल्या माझ्या गिऱ्हाइकांचं टॅली मी सी वरच ठेवतो, ते हिशोबाचं सॉफ्टवेअर अंगानं लहान, पण डेटाचा पत्ता डी वर देतो, आणि रोजचा बॅकअप तिसऱ्याच जागी. विंडोज कोसळली तर सी पुसायची, टॅली टाकायचं, डेटाचा पत्ता दाखवायचा, दुपारपर्यंत शेठजी बिलं फाडायला मोकळे.

आणि हेच मला तुला खरं सांगायचंय. तुझा सी भरलाय तो बहुतेक सॉफ्टवेअरमुळे नाहीये. १२० जीबी म्हणून विकलेली एसएसडी विंडोज १११ दाखवते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तुला कोणी फसवलं नाही. त्यात विंडोज आणि सॉफ्टवेअर धरून अर्ध्याच्या आसपास जातात, बाकी सगळं तुझं स्वतःचं. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून बघ, टेम्पररी फाइल्स आणि युजर्सचा आकडा बघून चाट पडशील. डाउनलोड्समध्ये एकच सेटअप तीनदा, डेस्कटॉपवर मित्राच्या भावाच्या लग्नाचा व्हिडिओ, तो पण सी वरच असतो हे कित्येकांना माहीत नसतं.

डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, व्हिडिओज हे फोल्डर डी वर न्यायची सरकारमान्य पद्धत आहे, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. इथं पत्ता पण बदलतो आणि सामान पण जातं. फक्त डी वर आधी त्या त्या नावाचा फोल्डर कर आणि तो दाखव, नुसता डी दाखवलास तर अख्खा डी च डाउनलोड्स होऊन बसतो आणि मग ते निस्तरताना नाकीनऊ येतात. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेटवर फाइल्स साठवायची सोय, चालू असेल तर आधी त्याचा बॅकअप बंद कर, नाहीतर दोघांची ओढाताण होते. अख्खा युजर्स किंवा अ‍ॅपडेटा हलवायच्या फंदात पडू नको.

मग हायबरनेशनची फाइल, म्हणजे बंद करताना उघडं असलेलं सगळं काम जिच्यात लिहून ठेवलं जातं ती. ती लपलेली असते आणि साधारण रॅमच्या ४० टक्के जागा खाते, तुझी १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर गेले. डेस्कटॉपला हायबरनेट कोण करतं? कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघड आणि लिही, मी फोनवर सांगतो तसंच सांगतो, पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. एंटर. तेवढी जागा तिथल्या तिथं मोकळी. याच्यानं फास्ट स्टार्टअप पण बंद होतं, एसएसडीवर चार-पाच सेकंदांचा फरक पडेल. लॅपटॉपवाल्यांनी नको करू, बॅटरी संपत आली की त्यांना तीच फाइल वाचवते.

आयफोन असेल आणि त्याचा बॅकअप पीसीवर घेत असशील तर तो पण सी वरच तुझ्या युजरच्या फोल्डरात साठतो, ३०-४० जीबी सहज, आणि जागा बदलायचा पर्याय नाही. अशा हट्टी फोल्डरसाठी एक युक्ती आहे, जंक्शन. प्रोग्राम बंद कर, तो फोल्डर डी वर ने, आणि जुन्या जागी एमकेलिंक स्लॅश जे या कमांडनं त्याच नावाची पाटी लाव, आधी जुना पत्ता, मग नवा. प्रोग्रामला वाटतं मी सी वरच लिहितोय, सामान पडतं डी वर. पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देतो ना, तसं. फार मस्त चालतं, पण दोन-तीन फोल्डरपुरतं, विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला नाही, आणि डी ची केबल निघाली तर त्या प्रोग्रामला झीट येते हे ध्यानात ठेव. यूएसबीच्या हार्डडिस्कवर तर याच कारणानं काहीच इन्स्टॉल करू नये, आज तिचं अक्षर ई, उद्या पेनड्राइव्ह आधी लावला की एफ, की सगळे पत्ते चुकले. अगदीच गरज असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून तिला शेवटचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाक.

हे सगळं करायच्या आधी त्या जुन्या १ टीबीची तब्येत बघ. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतं. निळं गुड आलं तर ठीक, पिवळं कॉशन आलं तर तिच्यावर सॉफ्टवेअर काय, फोटो पण ठेवू नको. सेकंडहँड मशीनमधल्या डिस्क बऱ्याचदा आधी कुठल्यातरी ऑफिसात रात्रंदिवस फिरलेल्या असतात, किती तास चालली ते पण त्यात लिहिलेलं असतं, तो आकडा बघून मला सांग.

डिस्क चांगली निघाली तर फोल्डर हलव, हायबरनेशन काढ, जुने गेम्स डी वर टाक, पंचवीस-तीस जीबी आरामात सुटतील. तरी वर्षभरात परत लाल झाला तर ओढाताण करत बसू नको, ५०० जीबीची एसएसडी घे आणि जुनीची तिच्यावर क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून टाक, विंडोज सॉफ्टवेअर सगळं जसंच्या तसं येतं, कोणाचाच पत्ता बदलत नाही. तासाभराचं काम आहे, स्वतः करायची भीती वाटली तर मशीन घेऊन ये, पण लाईट जायची वेळ टाळून ये रे, क्लोनिंग अर्ध्यात तुटलेलं मला नको.

आणि तो जो फोल्डर तू कट करून नेलास ना, तो आधी होता तिथं परत आणून ठेव, नाव स्पेलिंगसकट तेच. मग ते सॉफ्टवेअर एकदा उघडून बघ, उघडलं की त्याच्या सेटिंग्ज किंवा प्रोजेक्टची कॉपी बाजूला काढ, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्समधून रीतसर अनइन्स्टॉल कर, मशीन रीस्टार्ट कर, आणि मग सेटअपमध्ये डी चा पत्ता देऊन नव्यानं टाक. आधी परत आणल्याशिवाय अनइन्स्टॉल दाबू नको, त्याला त्याचीच फाइल सापडणार नाही आणि यादीत ते नाव तसंच लोंबकळत राहील.